चिखलदऱ्याच्या वाऱ्यासाठी विजार

चिखलदऱ्याला लोक हवा खायला जातात. आम्ही दोघी गेलो त्या विजारी घालून पाहायला. परतल्यावर ज्यांनी विचारलं त्यांना मी हेच सांगितलं, आणि बहुतेकांनी पुढे काही विचारलं नाही. तेव्हा सविस्तर सांगायचं राहूनच गेलं.

मी अकोल्यात मुलींच्या एका शाळेत व्यायाम शिकवते. गेल्या हिवाळ्यात आम्ही मोठ्या मुलींची सहल चिखलदऱ्याला नेली होती. सगळ्या मुली पातळं नेसलेल्या. कड्याजवळ वाऱ्याचा असा झोत आला की प्रत्येकीचा पदर तिच्याच तोंडावर. एका मुलीला पुढचं दिसेना, ती दगडावरून घसरली आणि तिचा हात मोडला. ती डावीकडे पडली म्हणून हातावर भागलं. उजवीकडे दरी होती. शाळेच्या समितीने त्यानंतर डोंगरातल्या सहली बंद केल्या, आणि मुलींचं धावणंही मैदानाच्या चार भिंतींत आणलं.

आमच्या हेडबाई वर्षभर समितीशी भांडत राहिल्या. शेवटी समिती म्हणाली की मुली डोंगरात काय घालून जाणार ते आधी ठरवा, मग पाहू. हेडबाईंनी मला बोलावून घेतलं आणि सांगितलं, "काय घालायचं ते तुम्ही ठरवा. पण स्वतः घाला, चाला, धावा, आणि मग मला सांगा. घरबसल्या ठरवलेलं मला नको."

माझ्याबरोबर शिवणाच्या बाई होत्या, वत्सला वानखडे. वत्सला तेल्हाऱ्याकडच्या एका खेड्यातली. छप्पन साली तिच्या घरच्यांनी बौद्ध धर्म घेतला तेव्हा ती मास्तरकीचं शिक्षण घेत होती. घरात पगार आणणारी ती पहिली. अंगाने बारकी, चालायला चिवट, आणि बोलायला सरळ. मी नऊवारीचा विषय काढला तर म्हणाली, "कास्टा मारायले शिकवण्यातच त्या पोट्ट्यांची सहामाही जाईन. अन् ओली झाली तं पाय उचलन का?" सलवार म्हटलं तर तिने शाळेच्या दारात उभं राहून तिचा घेर हातांनी पसरून दाखवला. त्यात वारा शिरला की मुलगी चालणार नव्हती, फक्त फुगणार होती.

राहिली विजार. हलकी, वारा आत न सोडणारी, धावताना पायात न येणारी. असं काही तयार मिळत नव्हतं, आणि मिळालं असतं तरी अकोल्यात पाहता आलं नसतं. आमच्याकडे धूळ असते, उन्हाळ्यात झळा असतात. वारा म्हणावा असा वारा नसतो. म्हणून नाताळच्या सुट्टीत आम्ही एस.टी.ने अकोटला निघालो.

अकोट

वत्सलाची थोरली बहीण शांता अकोटला दिलेली. तिचं घर जिनिंग फॅक्टरीच्या रस्त्यावर. हंगामाचे दिवस, कापसाच्या गाड्या सारख्या चाललेल्या. हवेत इतका कापूस की चहात एखादा तंतू आला तर तो बाजूला काढून चहा प्यायचा, अशीच तिथली रीत. अकोल्यातही कापूस कमी नाही, पण आमच्याकडे निदान चहा नवा करून देतात.

शेजारी करीम मास्टरांचं शिवणाचं दुकान होतं. पुरुषांचे पायजमे, कनाती, बैलांच्या झुली, आणि एकदा गावात आलेल्या सर्कशीच्या हत्तीची झूल, एवढं त्यांनी शिवलेलं. बायकांची विजार कधी नाही. हत्तीची झूल जमली म्हणजे हेही जमेल, असं त्यांचं म्हणणं पडलं. 

मापं घेताना ते आमच्याकडे पाठ करून बसले. वत्सला माझ्या अंगाला फीत लावून आकडे सांगायची आणि मास्टर खडूने फळीवर लिहायचे. मधेच त्यांनी पाठमोऱ्यानेच विचारलं, "पन बाई, पळनार कोनापासून?"

"कोनापासून नाई. असंच," वत्सला म्हणाली.

मास्टरांनी फळीवरचा एक आकडा पुसला. मग म्हणाले, "असंच पळाचं असंन तं घेर जास्ती लागन."

कापडं तीन ठरली. एक छत्रीचं काळं, एक पांढरी पॉपलीन, आणि तिसरं पॅराशूटचं. लढाईनंतर मिलिटरीचा माल विकायला निघाला तेव्हा मास्टरांनी त्याचा गठ्ठा घेतला होता. ते हातात घेतलं तर वजन लागत नव्हतं आणि तोंडाशी धरून फुंकलं तर फुंकर पलीकडे जात नव्हती. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. अडचण एवढीच की कापड पांढरं होतं आणि त्यातून मागचा माणूस दिसायचा. मास्टर म्हणाले, रंगवून देतो, जांभळी होईल. मी विचारलं, या कापडाला रंग बसतो का? त्यांनी सांगितलं की रंग सगळ्यालाच बसतो. दुसऱ्या दिवशी विजार दोरीवर वाळत होती. काही जागी जांभळी, काही जागी गुलाबी, आणि मांडीवर एक मोठा डाग भाजलेल्या वांग्याच्या रंगाचा. मास्टरांनी दुरून पाहिलं आणि म्हणाले की डोंगरात कोण पाहतं.

शांताच्या सासूबाईंनी पाहिलं. त्यांनी विजार उलटसुलट केली, दोन्ही पायांत हात घालून पाहिले आणि म्हणाल्या, "आमी जिंदगीभर वावरात कास्टा मारून राह्यलो तं कोनी इचारलं नाई. ह्या शिवेल हायत म्हनून काय सभा भरवून राह्यले व तुमी?"  त्यांनी भाकरी आणि अंबाडीची भाजी बांधून दिली.

नरनाळा

चिखलदऱ्याआधी जवळचा नरनाळा किल्ला चढून पाहायचं ठरलं. किल्ल्याच्या पायथ्याच्या शहानूर गावात एका घरी आम्ही पातळं सोडून ठेवली. मी काळी विजार घातली, वत्सलाने पॉपलीनची, वर दोघींनी गुडघ्यापर्यंत येणारे सदरे. बाहेर आलो तर अंगणात निम्मं गाव. आधी त्यांना वाटलं मलेरियाच्या फवारणीवाल्या आहेत. आमच्याजवळ पंप नाही म्हटल्यावर एका म्हाताऱ्याने अदबीने विचारलं की सर्कस अकोटला किती दिवस आहे. वत्सलाने सांगितलं की आम्ही शाळेच्या बाई आहोत. म्हाताऱ्याचं समाधान झालं नाही. सर्कस असती तर त्याला जास्त आवडलं असतं.

नरनाळ्याची वाट सागवानातून एकामागून एक दरवाजे ओलांडत चढते. महाकाली दरवाज्यावरचं कोरीवकाम पाहत बसावं असं आहे. मला मात्र ते नीट पाहता आलं नाही, कारण तोवर माझ्या विजारीत पाणी झालं होतं. छत्रीचं कापड बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, तसंच आतलं बाहेर जाऊ देत नाही. हे आधी सुचायला हवं होतं. पाय असे भिजले की प्रत्येक पावलाला आवाज येऊ लागला. वर तलावाजवळ गार वारा सुटला तेव्हा त्या घामाचं बर्फ झालं. वत्सला तेवढ्यात मोठ्या तोफेपर्यंत धावत जाऊन आली. म्हणाली की पळायला पॉपलीन छान, पण हवा आरपार जाते. आम्ही तोफेच्या आडोशाला बसून भाकरी खाल्ली. समोर पूर्णेचं खोरं पसरलेलं, कापसाची वावरं धुक्यात, आणि आमच्या अकोल्याच्या दिशेला नुसतीच धूळ.

खाली येऊन पातळ नेसायला गेले तर विजारीचा रंग उतरून मी कमरेपासून घोट्यापर्यंत काळी. संध्याकाळी शांताने पाणी तापवून दिलं. दोन बंब लागले आणि तरी पोटऱ्यांवर थोडा रंग राहिलाच. काळी विजार आम्ही सासूबाईंना दिली. त्यांनी ती चिंचेच्या मडक्यावर बांधायला घेतली.

चिखलदरा

अकोटहून अंजनगाव, मग परतवाडा, मग घाट. अंजनगावच्या पानमळ्यांजवळ बस थांबली तेव्हा कंडक्टरने स्वतःसाठी पानं घेतली, आणि तो ती निवडेपर्यंत सगळी बस थांबली. एवढ्यावरच प्रवासाचं सांगणं पुरे.

वर पोचलो तेव्हा हवा कोरडी आणि अशी गार होती की बोलताना दात वाजत. आम्ही रेस्ट हाऊसमध्ये उतरलो. सकाळी वत्सलाने जांभळी विजार घातली. मी पॉपलीनची घेतली, कारण तिने पाहिलेलं मलाही पाहायचं होतं. पठारावर पाऊल टाकलं आणि वाऱ्याने पॉपलीन आहे की नाही याची चौकशीसुद्धा केली नाही. गुडघे जागच्या जागी बधिर झाले. वत्सलाला विचारलं तर तिला वारा दिसत होता, पण लागत नव्हता.

मात्र ती विजार बोलायची. मांडीला मांडी लागली की फर्र, पाऊल टाकलं की फर्र. तळ्याजवळ गवळ्यांच्या म्हशी चरत होत्या. मी म्हटलं, आता धावून दाखवा. वत्सला धावली. म्हशींनी माना वर केल्या, जांभळं गुलाबी काहीतरी फर्रफर्र करत येताना पाहिलं, आणि सगळा कळप गाविलगडच्या बाजूला उधळला. मागून एक बाई हातातली चरवी टाकून धावत आली. तिचं नाव गंगूबाई. नवरा खवा घेऊन परतवाड्याला गेलेला, आणि गुरं एकट्या तिच्यावर. आम्ही कोण हे तिने विचारलं नाही. जे म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही, आणि तिचं चुकलंही नव्हतं. आम्ही तिच्या मागे म्हशी गोळा करायला निघालो.

गाविलगड

म्हशी किल्ल्याच्या भिंतीखाली मिळाल्या. एक रेडकू मात्र नव्हतं. त्याचा आवाज खालून येत होता. वाटेच्या कडेला मुरमाची घसरण होती, ती एका अरुंद कपारीवर थांबत होती, आणि कपारीच्या पुढे काही नव्हतं. करवंदीच्या जाळीला अडकून रेडकू तिथे उभं होतं. एवढा गोंधळ घालून झालेली त्याची आई वरून हंबरत होती. गंगूबाई मटकन बसली. 

मी व्यायामाची बाई. जायचं ते मीच, असं मी ठरवत होते, तेवढ्यात वत्सला म्हणाली, "तुमी जड हा. मी जातो. दोर तुमी धरा." तिचं बरोबर होतं. गंगूबाईजवळ गुरांची चार दावी होती. ती दोन-दोन बांधून दोन दोर केले. एकाचं एक टोक वत्सलाच्या कमरेला, दुसरं मी एका सागाला वेढा देऊन हातात धरलं.

ती बसत बसत उतरली. वारा खालून वर येत होता आणि त्यात मुरूम असा उडत होता की मला डोळे उघडे ठेवणं अवघड गेलं. तिच्या अंगावर पातळ असतं तर त्या वाऱ्याने तिला कुठे नेलं असतं ते मी तेव्हा मनात येऊ दिलं नाही. विजारीच्या घोट्यांना नाड्या होत्या, कापड पायांना चिकटून राहिलं, आणि ती एकेक टाच रोवत कपारीवर पोचली. तिथे तिने बरोबर नेलेलं दुसऱ्या दोराचं टोक रेडकाला बांधलं. रेडकू हलेना. मग ती त्याच्या मागे गेली, म्हणजे दरीच्या बाजूला, जाळीला पाठ लावून खाली बसली आणि दोन्ही पायांनी त्याला वर ढकलू लागली. तिचा दोर सागाला गाठ मारून मी गंगूबाईबरोबर रेडकाचा दोर ओढत होते. माझ्या तळहातांची साल निघत होती ते मला नंतर कळलं. एकदा तिचा पाय सुटला आणि सागाभोवतीचा दोर एकदम ताठ झाला. तेवढा एक क्षण मला तिच्या आईचा चेहरा दिसला, जिला मी कधी पाहिलेलं नाही.

रेडकू वर आलं आणि काही झालंच नाही अशा थाटात आईला लुचायला लागलं. मग वत्सला आली. गुडघ्यातून रक्त, केसांत करवंदीचे काटे. मी खालीच बसले आणि तिचा हात धरला.  ती म्हणाली, "मांगून पाहू नका."

विजार मागून कमरेपासून पोटरीपर्यंत फाटली होती. करवंदीने तिचं मागचं अंग जवळजवळ ठेवूनच घेतलं होतं. गंगूबाईने स्वतःची घोंगडी काढून तिला गुंडाळली आणि आम्हाला घरी नेलं. तिने तापलेलं दूध दिलं, भाकरीवर ताजा खवा ठेवला. अकोल्यात खवा पेढ्यासाठी असतो. भाकरीशी तो असा लागतो हे मला माहीत नव्हतं. खाऊन झाल्यावर गंगूबाई पुन्हा आम्हाला बोलली, पण आता आवाज खाली आला होता. म्हणाली, "इजार चांगली हाय तुमची. बोंबलते मात्र लय."

दुपारच्या उन्हात वत्सला अंगणात शिवायला बसली. पॉपलीनची विजार तशीही बाद झाली होती, म्हणून तिने ती कात्रीने कापली आणि जांभळीला सगळा मागचा भाग पॉपलीनचा लावला. मला पातळ नेसून बसावं लागलं. ते कधी एवढं जड वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ती आळीपाळीने घालून धावलो. आधी मी. वारा समोरून येत होता आणि पॅराशूटवर अडत होता. मागून पॉपलीनमधून अंगाची वाफ निघून जात होती. ना घाम साचला, ना गुडघे गारठले. आवाजही अर्धा राहिला. म्हशींनी एकदा पाहिलं आणि पुन्हा चरायला लागल्या. तळ्यापासून पठाराच्या टोकापर्यंत मी न थांबता गेले. खाली दऱ्यांतून धुकं वर येत होतं आणि त्याच्यावर सातपुड्याच्या निळ्या रांगा एकामागे एक होत्या. मी रोज मुलींना धावायला सांगते, शिट्टी फुंकते, वेळ मोजते. भिंत नसलेल्या जागेत स्वतः धावले त्याला लग्नाच्या आधीपासूनचा काळ लोटला होता. टोकाला पोचल्यावर मला रडू आलं. ते वाऱ्यामुळे आलं असं मी वत्सलाला सांगितलं. तिने मान हलवली आणि म्हणाली, "द्या आता. माझी पाळी."

निघताना गंगूबाईने विचारलं की तिच्यासाठी अशी एक शिवून पाठवाल का. पण पांढरी नको, आणि रंगीत तर नकोच. खाकी.

परत अकोला

येताना अकोटला उतरून करीम मास्टरांकडचा उरलेला गठ्ठा घेतला. मागचा भाग पॉपलीनचा पाहून ते म्हणाले की हे त्यांच्या मनात पहिल्यापासून होतं. वत्सलाने ते तसंच राहू दिलं.

हेडबाईंना मी सगळं सांगितलं, रेडकासकट. त्यांनी विजार मागून घेतली, ऑफिसचं दार लावून घेतलं, आणि बऱ्याच वेळाने दार उघडून वत्सलाला सांगितलं की कमरेला पुष्कळ सैल करून, साध्या राखी रंगाची, आणखी एक शिवा. कोणत्या मुलीसाठी ते आम्ही विचारलं नाही. रंगाच्या बाबतीत वत्सलाने या वेळी कोणाचं ऐकलं नाही. कापड रंगवायला न देता तिने राखी अस्तर आतून लावलं, ते बाहेरून तसंच राखी दिसलं.

समितीची बैठक शाळेच्या हॉलमध्ये भरली. आम्ही दोघी भिंतीलगत बसलो होतो. हेडबाई सगळ्यांच्या आधीच येऊन नेहमीच्या जागी, मोठ्या टेबलामागे, अंगावर लांब सदरा आणि खांद्यांवर शाल. त्या पन्नाशीच्या पुढच्या, भारदस्त, आणि त्यांना पातळाखेरीज कशात कोणी कधी पाहिलं नव्हतं. टेबलामुळे तेव्हाही दिसलं नाही. इतर कामं झाली, चहा झाला, मग सहलीचा विषय निघाला. अध्यक्ष म्हणाले की वारा वगैरे सगळं ठीक आहे, पण विजार घातलेली बाई चारचौघांत बरी दिसेल का, हा मूळ प्रश्न आहे.

हेडबाई म्हणाल्या, "बैठक सुरू झाल्यापासून मी तीच घालून बसले आहे."

आणि त्या उभ्या राहिल्या. टेबलाला वळसा घालून हॉलच्या मधोमध आल्या, खिडकीपर्यंत गेल्या, तिथून परत आल्या. घाई नव्हती. आमच्या समितीतले लोक जुन्या रीतीचे आहेत. हेडबाई उभ्या असताना बसून राहणं त्यांना जमत नाही. आधी अध्यक्ष उठले, मग एकेक करून सगळे. हेडबाई त्यांच्यासमोर थांबल्या आणि कोणाला काही विचारायचं आहे का म्हणाल्या. सगळे टोप्या नीट करत उभे होते. कोणालाच काही विचारायचं नव्हतं.

वत्सलाने माझ्या कानाशी येऊन सांगितलं की कमरेला अजून थोडं सैल लागेल.